गुंत्याचं शहाणपण

टक्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. मागावरून रेशमाची एक कांडी निसटली, फरशीवर पडली आणि घरंगळत घरंगळत थेट गुंत्याच्या नाकापाशी जाऊन थांबली.

वृंदाचा हात ताण्यावर थबकला. पदरावरच्या मोराची मान विणायची चालली होती, आणि मोराची मान मधेच सोडून उठणं म्हणजे पुन्हा पहिल्या तारेपासून मोजणं. महिन्यापूर्वीची गोष्ट असती तर एव्हाना ती पाय सोडून बसायच्या, मागाच्या खड्ड्यातून ओरडत वर आली असती. आज ती नुसती बघत राहिली.

गुंत्याने कांडी हुंगली. एक कान उभा केला, पाडला. मग ओठांच्या कडेने, दात न लावता, कांडी उचलून खड्ड्याच्या काठाशी आणून ठेवली आणि चार पावलं मागे जाऊन पंजांवर हनुवटी टेकून पुन्हा पसरला.

"शहाणं गं माझं ते," वृंदा पुटपुटली. तिच्या मनगटातलं राखाडी कडं एकदा लुकलुकलं. गुंत्याने डोळे मिटूनच शेपटी फरशीवर आपटली.

हे असं काही होईल यावर महिन्यापूर्वी येवल्यात कुणी पैज लावली नसती.

गुंत्या घरात आला तो जुईच्या दप्तरातून. जुई पहिलीत. एक दिवस शाळेतून आली ती दप्तर पोटाशी धरून, आणि दप्तर कुंई-कुंई करत होतं. वृंदाने कमरेवर हात ठेवले तेव्हा पोर म्हणाली, "आई, याला आई नाहीये. आणि आपल्याकडे एक आहे."

पिल्लू राहिलं.

दुसऱ्याच दिवशी ते रेशमाच्या टोपलीत शिरलं. हेमराज मनमाडच्या डेपोतून बिनचालकाच्या बसगाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करून घरी आला, तर बायको, मुलगी आणि पिल्लू तिघंही पिस्ता रंगाच्या धाग्यांत बसलेली. "यातलं आपलं कोणतं?" त्याने दारातूनच विचारलं. तो गुंता सोडवायला दोन दिवस लागले. पिल्लाचं नाव ठेवायला तेवढेही लागले नाहीत.

त्यानंतर गुंत्याने मागाच्या पायाखालच्या पावट्यांची दोरी चावली. शेजारच्या कमळाकाकूंची नवी चप्पल चावली. पाहुण्यांच्या मांडीवर उडी मारून त्यांच्या चहात जीभ घातली. "विणकराच्या घरात कुत्रं पाळणं," हेमराज म्हणायचा, "म्हणजे हलवायाने दुकान राखायला मुंग्या ठेवणं."

एरवी वृंदा हसली असती. पण मागावरचा शालू नागपूरच्या एका नवरीचा होता, आणि तुळशीचं लग्न लागलं की लगेच तिचं होतं. गावाबाहेरच्या कारखान्यात आता यंत्रं दिवसाला एक पैठणी काढत. नक्षी तीच, जर तीच. हातमागावर मात्र वर एक भिंगाचा डोळा टांगलेला असे. तार माणसाच्या हातानेच गेली, हे गिऱ्हाइकाला घरबसल्या बघता यावं म्हणून. यंत्रापेक्षा हाताला जास्त मोल उरलं होतं ते एवढ्यासाठीच, की कुणीतरी आपल्यासाठी बसलंय. आणि बसायला वृंदाला वेळ कुठून मिळायचा? जुई शाळेत गेल्यावर, पाणी भरून झाल्यावर, भाकरी आणि धुणं यांच्यामधून चोरलेला. त्यात हे पिल्लू.

म्हणून एक दिवस तिने त्याला काखोटीला मारलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर फरीदा ही तिची शाळेतली मैत्रीण. एका बाकावर बसून दोघींनी एकीच्याच वहीतून गणितं उतरवलेली.

"याला वळण लाव," वृंदा म्हणाली, "नाहीतर मला तरी एखादी गोळी दे."

फरीदाने कपाटातून एक डबी काढली. आत करंगळीएवढा रुंद पट्टा आणि एक कडं. "ही नवी चीज आलीय. पट्टा त्याला, कडं तुला."

"शॉक-बिक देतो की काय?"

"शॉक देणारा असता तर मीच कंपनीवर भुंकले असते. नीट ऐक. कुत्र्याला तुझं बोलणं कमी कळतं, तू जास्त कळतेस. तू रागावलीस की तोंड उघडायच्या आधी त्याला वास येतो. त्याची अडचण एवढीच की कशामुळे रागावलीस ते त्याला वेळेवर जुळवता येत नाही. ते हे जुळवून देतं." तिने कडं वृंदाच्या मनगटात सरकवलं. "निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना ठोके जरा घाईत पडतात, सोडताना जरा सावकाश. ताण आला की मात्र सगळे एका मापाचे, भराभर."

"यंत्रमागासारखे."

"अगदी. आणि निवांत म्हणजे हातमाग. तुझ्या छातीत कुठला माग चाललाय एवढंच हे कडं बघतं. हातमाग सुरू झाला की पट्ट्याला कळवतं. मेंदूतून निघून मानेवाटे छाती-पोटाकडे जाणारी एक मोठी नस असते, तिचा एक फाटा कानाशी येतो. पट्टा तिथे अगदी हलक्या गुदगुल्या करतो. पिल्लाला वाटतं, आईने चाटलं. बस्स. तू निवांत झालीस की त्याला बरं वाटणार. मग तू कशाने निवांत होतेस ते तो आपलं आपण हुडकून काढेल आणि तसंच वागेल. आपण शिकवायचं काहीच नाही."

"आणि चुकीचं काही शिकला तर?"

फरीदा हसली. "तुला कशाने बरं वाटतं, यात चुकीचं ते काय असणार?"

पहिल्या आठवड्यात गुंत्याने दोरी सोडली. दुसऱ्यात चपला. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले की तो उंबऱ्याशी बसायचा, त्यांनी हात पुढे केला तरच उठायचा, आणि भाकरी ताटलीत पडली तरी वृंदाचा हात बाजूला होईपर्यंत तोंड लावायचा नाही. कुणी त्याला "बस" म्हटलं नव्हतं की "ऊठ" म्हटलं नव्हतं. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. कमळाकाकू चपला आता मुद्दाम त्याच्यासमोर काढून ठेवत आणि वाट बघत. तो मान फिरवायचा.

"अगं, यांच्या मापाचा मिळतो का गं पट्टा?" त्यांनी एक दिवस विचारलं. "चाळीस वर्षं झाली, अजून ओला टॉवेल गादीवरच."

"काकू, कडं तुम्हाला घालावं लागेल. आणि तुम्ही कधी निवांत होणार?"

"तेही खरंच," काकू म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

मोर भराभर चढू लागला. आधी दिवसाकाठी दोन बोटं विणून व्हायचं, आता चार होऊ लागलं. चार वाजता फाटक वाजायचं. गुंत्या उठून बाहेर जायचा, जुईच्या फ्रॉकचा काठ अलगद तोंडात धरायचा आणि तिला बाहेरच्या बाहेर परसात, शेवग्याखाली घेऊन जायचा. तिथून खिदळणं ऐकू यायचं. वृंदाला वाटायचं, बरं झालं, पोरीला सोबत झाली. कड्यावरचा दिवा लुकलुकायचा.

त्या घरात एक जुनी रीत होती. पदरावर बसलेल्या बाईला हाक मारायची नाही. काही हवं असेल तर मागाच्या खांबाला हात लावून उभं राहायचं. तार संपली की ती मान वर करते, मग बोलायचं. वृंदाच्या सासूबाईंनी हेमराजला असंच वाढवलं होतं, आणि त्यांना त्यांच्या सासूने. खांबावर, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर, लाकूड झिजून तुकतुकीत झालं होतं. जुई त्याच जागी पंजा टेकून उभी राहायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर, पोटात सांगायच्या गोष्टी दाबून.

कितीतरी दिवसांत ती तिथे उभी राहिली नव्हती. वृंदाच्या हे लक्षात आलं ते एका शुक्रवारी, साडेपाच वाजता, मोराचा तुरा पुरा झाल्यावर. तिने सवयीने मान वर केली. खांब मोकळा होता.

घर फार शांत होतं.

ती परसात गेली. शेवग्याखाली गोणपाटावर जुई आडवी झाली होती. डोकं गुंत्याच्या पोटावर. गुंत्या हलत नव्हता, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसला होता. वृंदाने कपाळाला हात लावला आणि तो तसाच मागे घेतला. पोर तव्यासारखी तापली होती.

"जुई! अगं, कधीपासून? मला का नाही सांगितलंस?"

"पदरावर होतीस ना." डोळे मिटूनच.

"मग खांबाला हात लावायचा होतास, राणी!"

"निघाले होते. तो जाऊ देत नाही."

"कोण?"

जुईने कुत्र्याच्या कानावर हात ठेवला. तक्रार नव्हती त्यात. पाऊस पडला की भिजतं, तसं ती सांगत होती. "तू कामाला बसलीस की तो मला जाऊच देत नाही. त्याला तेच शिकवलंय ना."

ताप साधाच होता, दोन दिवसांत उतरला. तिसऱ्या दिवशी वृंदा मागावर बसली आणि म्हणाली, "जुई, ये बरं माझ्याकडे."

जुई निघाली. गुंत्या उठला. घाई नाही, गुरगुरणं नाही. तो दोघींच्या मधे आला, जुईच्या नडग्यांना अंग टेकवून उभा राहिला आणि हळूहळू रेलत राहिला. जुई डावीकडून वळली, तो डावीकडे. उजवीकडून वळली, तो उजवीकडे. शेवटी त्याने तिच्या फ्रॉकचा काठ ओठांच्या कडेने धरला, दात न लावता, आणि तिला मागच्या दाराकडे फिरवलं.

कांडी त्याने अशीच उचलली होती. अशीच जपून. अशीच जागच्या जागी नेऊन ठेवायला.

फरीदाने दवाखान्यातल्या पडद्यावर महिन्याभराची नोंद काढली. दिवसामागून दिवस, आडव्या रेघा. "या हिरव्या जागा बघ. इथे तू निवांत, तेव्हा त्याला बक्षीस. सकाळी जुई शाळेत गेली की सुरू होतं. दुपारी भरगच्च. मग चार वाजले की..." तिने रेघेवर बोट ठेवलं.

चार वाजता रेघ दररोज तुटत होती. नंतरच्या आठवड्यांत पाच-दहा मिनिटांनी पुन्हा हिरवी होत होती. म्हणजे गुंत्याने जुईला परसात नेल्यावर.

"म्हणजे माझी पोर घरी आली की मला त्रास होतो, असं म्हणतंय हे?"

"धडधडतं, एवढंच म्हणतंय. वृंदा, ऐक. माझा पोरगा वसतिगृहावरून आला की मला जिना चढल्यासारखं होतं. आनंदाने. आनंदाची धडधड आणि धास्तीची धडधड, कड्याला दोन्ही सारख्याच. ते मूर्ख आहे. त्याला प्रेम मोजता येत नाही."

वृंदाने मान हलवली. घरी येताना रस्ताभर तिने ते वाक्य तोंडात धरून ठेवलं. आनंदाची धडधड. खरंच होतं ते. फाटक वाजलं की तिला खरंच आनंद व्हायचा. पण त्याच्या जरा आधी, पावणेचारला, फाटक वाजेल म्हणून हात घाई करायचे, आणि अजून एक तार, देवा, अजून एकच तार, असं मनात यायचं, ते काय होतं? तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. कुत्र्याला मात्र ते महिनाभर रोज कळत होतं, आणि बिचाऱ्याने त्यावर आपल्या परीने इलाज केला होता.

तिने कडं काढून फळीवर ठेवलं. तरीही गुंत्या सवयीने जुईला अडवायचा, आणि मग गुदगुल्या का होत नाहीत म्हणून वृंदाच्या तोंडाकडे बघायचा. शिकलेलं पुसायला शिकण्याहून जास्त वेळ लागतो, असं फरीदाने बजावलंच होतं.

"मग मी घालू?" जुईने विचारलं.

कडं तिच्या हाताला फार मोठं होत होतं. वृंदाने त्याला आतून उरलेलं पिस्ता रेशीम गुंडाळलं आणि ते बसलं. बापाने लगेच भविष्य सांगून टाकलं, "आता गुंत्या हिला दररोज कुल्फीच्या गाडीवर नेणार."

नेलं नाही. पहिले तीन दिवस तो नुसता गोंधळलेला होता. जुई पळायची, झोका घ्यायची, कुल्फीही खायची, पण त्या सगळ्यात तिचं हृदय उड्या मारायचं, आणि उड्या मारणारं हृदय पट्ट्याच्या हिशोबी काहीच नव्हतं. तो तिच्या मागे फिरत राहिला, नाक वर करून, काहीतरी शोधत. चौथ्या रात्री आईजवळ झोपताना जुईने कडं काढलं नाही, तेव्हा ते पहिल्यांदा लुकलुकलं आणि त्याचे कान उभे राहिले.

पाचव्या दिवशी, जुई शाळेतून आल्यावर, वृंदा ऐन पदरावर बसली असताना त्याने सगळी रीतभात सोडली. खड्ड्याच्या काठावर पुढचे पाय रोवले आणि वृंदाच्या साडीचा पदर दातांत पकडून ओढला. चांगला ओढला.

"अरे, हड! सोड! मोर चुकला माझा!"

सोडेना. धागा तसाच टाकून ती उठली आणि त्याच्यामागून गेली. तो तिला परसात घेऊन गेला. जुई गोणपाटावर बसून चित्र काढत होती.

"काय झालं गं? काही हवंय?"

"नाही," जुई म्हणाली. "काही नाही."

वृंदा क्षणभर उभी राहिली. मग तिच्या शेजारी बसली, कारण परत जायलाही काही कारण सुचेना. जुईने चित्र काढता काढताच पाठ आईच्या कुशीला टेकवली. जरा वेळाने डोकंही. पिस्ता रेशमातून दिवा लुकलुकला आणि लुकलुकतच राहिला. गुंत्याने दोघींच्या पायांवर अंग टाकलं आणि सुस्कारा सोडला, खूप शोधलेलं सापडल्यासारखा.

मग हे रोजच झालं. शाळा सुटल्यावर एकदा, दिवेलागणीपर्यंत आणखी दोनदा. चार बोटांचं पुन्हा दोन बोटांवर आलं. शेवटी वृंदाने गोणपाटच उचलून मागाजवळ आणलं. जुई तिथे बसून कांड्या रंगांप्रमाणे लावून द्यायची आणि एकीकडे शाळेतलं सगळं सांगायची. खांबाला हात न लावता, तार मधे असताना. वृंदाचं मोजणं चुकायचं, ती "थांब, थांब" म्हणायची, पुन्हा मोजायची. एक तार तर जुईने स्वतः घातली, दुसऱ्या मोराच्या डोळ्याशी, एक घर खाली. मागावरचा भिंगाचा डोळा ते बघत होता. दुसऱ्या दिवशी नागपूरहून नवरीचा निरोप आला: ती छोटी बोटं कुणाची? ती तार काढू नका.

शालू उतरला तो लग्नाच्या सहा दिवस आधी. मोकळा माग बघून घर एकदम मोठं वाटायला लागलं. हेमराज शालू पोचवायला गेला. कडं-पट्टा फरीदाला परत द्यायचा होता. गुंत्याच्या गळ्यातला पट्टा वृंदाने काढला, तशी त्याने जोरात अंग झाडलं, धावत जाऊन कमळाकाकूंची चप्पल उचलून आणली आणि मन लावून चावायला बसला.

"अरे गाढवा," वृंदा म्हणाली, पण उठली नाही. जुईला मांडीवर घेऊन ती तिच्या मनगटावरचं रेशीम उलगडत होती.

"आई, तुझ्या हातात कडं होतं तेव्हा गुंत्या मला लांब का न्यायचा?"

हा प्रश्न येणार हे ती जाणून होती. उत्तर भरलेल्या कांडीसारखं हाताशी होतं. "अगं, ते कडं जरा वेडं आहे. तू आलीस की मला आनंद व्हायचा, आनंदाने छाती धडधडायची. त्याला वाटायचं, मी घाबरले."

जुईने मान हलवली. पटलेलं दिसलं. रेशमाचा शेवटचा वेढा सुटला, कडं ओघळून वृंदाच्या तळहातात पडलं. पोरीने आईच्या छातीवर कान ठेवला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"पण आई," ती म्हणाली, "मला पण तुझ्याजवळ आलं की आनंदच होतो, आणि माझी धडधड तर थांबते. मग तुझीच का गं वाढते?"